शब्दचर्चा : ‘स्टेडी स्टेट’ला ‘स्थिर समतोल’ म्हणावं का?

प्रश्न : मानवी भांडवल (म्हणजे माणसांचं शिक्षण आणि कौशल्य) असलेल्या आर्थिक वृद्धीच्या प्रतिमानावर (मॉडेलवर) मराठीत टिपण लिहिते आहे. ‘डिसेंट्रलाइज्ड इकॉनॉमीतला स्टेडी स्टेट इक्विलिब्रियम’ यासाठी ‘विकेंद्रित अर्थव्यवस्थेतील स्थिर समतोल’ चालेल?

उत्तर : ‘स्थिर समतोल’ नको. त्यातून स्टेबल इक्विलिब्रियम असा अर्थ निघतो, म्हणजे धक्का बसला तरी अर्थव्यवस्था पुन्हा तिथेच येते. स्टेडी स्टेटमध्ये वाढीचे दर कायम राहतात. ती अवस्था स्टेबल आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. शिवाय ‘स्थिर’ म्हटलं की वाढ थांबली असं वाटतं. अर्थतज्ज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1848 मध्ये वर्णन केलेली स्टेशनरी स्टेट तशी थांबलेली होती, ही नाही. मी ‘समगती अवस्था’ म्हणेन.

दुसरं उत्तर : ‘स्थिर’बद्दल सहमत, पण ‘समगती’ला माझा विरोध आहे. त्यातून सगळं एकाच दराने वाढतं असा समज होतो. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकास यांचं 1988 चं प्रतिमान घ्या. एकाचं कौशल्य वाढलं की इतरांचीही उत्पादकता वाढते, हा बाह्य परिणाम त्यात आहे. त्यामुळे कौशल्य समजा 2 टक्क्यांनी वाढत असेल, तर दरडोई उत्पादन, उपभोग आणि भौतिक भांडवल (यंत्रं, इमारती वगैरे) त्याहून जास्त दराने वाढतात, समजा 3 टक्क्यांनी. दर वेगवेगळे, पण प्रत्येक दर कायम. शिकण्यात आणि कामात वेळ कसा वाटला जातो, ते प्रमाणही कायम. म्हणून ‘स्थिरदर वृद्धीची अवस्था’ म्हणा. लांब आहे, पण दिशाभूल करत नाही.

‘समतोल’ मात्र गाळू नका. दिसणाऱ्या किमती आणि पुढच्या अपेक्षा धरून प्रत्येक कुटुंब आणि उद्योग आपापला उत्तम निर्णय घेतात, ते निर्णय बाजारात जुळतात आणि अपेक्षा खऱ्या ठरतात, तो समतोल. स्थिरदर अवस्थेला पोचण्याआधीची सगळी वाटचालही समतोलातलीच असू शकते.

प्रश्नकर्ती : आणि ‘विकेंद्रित’?

दुसरं उत्तर : या शब्दावर मी सर्वांत जास्त अडेन. मराठी वाचकाला त्यातून सत्तेचं विकेंद्रीकरण ऐकू येतं. इथे अर्थ एवढाच, की सर्वांच्या वतीने ठरवणारा नियोजक नाही. शिकायचं किती हे माणूस स्वतः ठरवतो, समाजाचं सरासरी कौशल्य आपल्या हातात नाही असं धरून. त्याच्या शिकण्याने इतरांना जो लाभ होतो, त्याचं वेतन त्याला मिळत नाही. म्हणून तो समाजाला हवं त्यापेक्षा कमी शिकतो. नियोजकाने हा लाभ हिशेबात धरला असता, तर स्थिरदर अवस्थेतली वाढ अधिक वेगाची झाली असती. तेव्हा टिपणात ‘स्वतंत्र निर्णयांची अर्थव्यवस्था’ लिहा, आणि ‘नियोजकाचा पर्याय’ लगेच शेजारी मांडा. या दोन दरांतली तफावतच शिक्षणाला अनुदान देण्याच्या युक्तिवादाचा पाया आहे.