रात्री 3 ला डॉक्टरांना फोन लावायची भीती बसलीय, चुकतंय कुणाचं?

नाइटवाली:

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. मी स्टाफ नर्स, सर्जिकल आयसीयूत 2 वर्षं झाली. मागच्या आठवड्यात नाइटला माझ्याकडे पोटाच्या ऑपरेशनचा, त्याच दिवशी ओटीतून (ऑपरेशन थिएटर) आलेला पेशंट होता. वजन साठेक किलो. लघवी तासाला 45-50 मिली होत होती ती 1 वाजल्यापासून 20 वर आली, पल्स 88 ची 112, बीपी मात्र व्यवस्थित, 118/76. आणि माणूस नुसता चुळबुळत होता, चादर ओढून घ्यायचा, परत ढकलून द्यायचा, सारखं पाणी मागायचा. मला आतून वाटत होतं काहीतरी बिनसतंय. 3 ला ऑन कॉल सरांना फोन लावला आणि म्हटलं, सर 4 नंबरचा पेशंट बरोबर वाटत नाहीये. तर तिकडून, "बरोबर वाटत नाही म्हणजे काय? बीपी किती? 118? मग मला कशाला उठवलंस, कुणी पास केलं तुला?" आणि फोन कट. लघवीचं आणि पल्सचं तोंडातच राहिलं.

पुढे 4:20 ला पल्स 126. फोन हातात घेतला, ठेवला. परत बीपी घेतलं, लघवीचा कॅथेटर कुठे दुमडलाय का बघितलं, सलाइन बघितलं, शेजारच्या बेडच्या सिस्टरला विचारलं, करू का गं फोन. असं करत 5 वाजले तेव्हा बीपी 84. मग लावलाच. सर 10 मिनिटांत आले आणि खरं सांगते, पुढचं सगळं इतकं झटपट आणि नीट केलं त्यांनी, पोटात ब्लीडिंग होतं, परत ओटीत नेलं, पेशंट वाचला. माणूस हुशार आहे यात वादच नाही.

पण मधली ती 40 मिनिटं माझी आहेत आणि ती डोक्यातून जात नाहीत. मैत्रिणी म्हणतात मनाला लावून घेऊ नकोस, बोलणी सगळ्यांनीच खाल्लीत, कातडी जाड कर. मला विचारायचंय ते हे की हा फक्त माझ्या हळवेपणाचा विषय आहे की याचा पेशंटच्या जिवाशी खरंच संबंध आहे? आणि असं कुणी बोललं की त्या क्षणी म्हणायचं काय असतं?

जुनी_इन्चार्ज:

अगं, आधी कडू गोळी देते. "बरोबर वाटत नाहीये" याला फोन म्हणत नाहीत. त्यांची बोलायची तऱ्हा वाईटच, "कुणी पास केलं" हे तर अजिबात खपवून घ्यायचं नाही, पण बरोबर वाटत नाही म्हणजे काय हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर तुझ्या चार्टवर लिहिलेलं होतं. झोपेतून उठलेल्या माणसाला पहिल्या दोन वाक्यांत आकडे लागतात. आपल्याला शिकतानाच निदान करू नका, ते तुमचं काम नाही असं दटावलेलं असतं, मग आपण "वाटतंय" च्या आडोशाला उभ्या राहतो. डॉक्टरांना शिकवलेलं असतं थेट मुद्द्यावर या. एक जण गोल फिरतोय, दुसऱ्याला सरळ रेषा हवीय, मग ठिणगी पडणारच.

एसबार नावाची पद्धत आहे, ऐकली असशील. मूळची अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतली, 2000 नंतर कैसर परमनंटे या अमेरिकन आरोग्यसंस्थेने ती हॉस्पिटलात आणली. आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय, एवढंच. तुझा फोन असा झाला असता:

"सर, आयसीयूतून बोलतेय, बेड 4. लघवी दोन तास 20-20 मिली, पल्स 88 वरून 112, बीपी 118/76, पेशंट अस्वस्थ. आज दुपारीच पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट. मला आत ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं, तोवर काय चालू करू?"

घड्याळ लावून वाच, 20 सेकंद. शेवटची दोन वाक्यं म्हणताना आपल्या मुलींची जीभ अडखळते, मला डॉक्टरांना "या" म्हणायला 6 वर्षं लागली होती. आरशासमोर म्हणून बघ, हसू नकोस.

फोन कट झाला तर लगेच परत लावायचा, "सर, मगाशी अर्धंच सांगून झालं." तरी ऐकलं नाही तर तिसऱ्यांदा त्यांना नाही, त्यांच्या वरच्यांना. आणि चार्टवर वेळ टाकायची, 3:05 ला काय काय कळवलं, काय उत्तर मिळालं. त्यात कुणावर सूड उगवण्यासारखं काही नाही, ती नोंद आहे.

जाता जाता, फोनवर ऑर्डर घेतलीस की पूर्ण परत वाचून दाखव, कितीही वैतागले तरी. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर एकसारखे ऐकू येतात. मी "एक पाच, पंधरा" असं म्हणते. एकदा त्यावरून माझी टिंगल झाली होती, होऊ दे.

कात्री:

सर्जन आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. हे सगळं ठीक आहे पण गोड बोलण्याचं जे फॅड आलंय ना त्याचा मला कंटाळा आलाय. टेबलवर रक्त उडत असताना कृपया क्लॅम्प देता का असं कोण म्हणणार? आमचे सर ओरडायचे, हातावर फटका मारायचे, आम्ही शिकलोच की. आणि चेकलिस्ट, कम्युनिकेशन ट्रेनिंग वगैरेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची सर्जरीची चेकलिस्ट घ्या, 2009 ला 8 शहरांतल्या 8 हॉस्पिटलांचे आकडे आले, मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर, सगळे नाचले. मग 2014 ला कॅनडात ऑन्टारिओतल्या 101 हॉस्पिटलांचं आलं, तिथे लक्षात घेण्यासारखा फरकच नाही. बोलण्याच्या पद्धतीने पेशंट वाचत नाहीत, हाताने वाचतात. मूळ पोस्टमधल्या सरांनी पेशंट वाचवला की नाही?

भूल_देणारा:

कात्री, टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभा राहून 15 वर्षं तुमच्यासारख्यांचं ऐकतोय, तेव्हा थोडं माझंही ऐका.

आधी दोन गोष्टींची गल्लत सोडवू. "क्लॅम्प! आत्ता!" हे मोठ्याने बोलणं झालं, त्याचं कुणाला काही वाटत नाही, वाटू नये. "कुणी पास केलं तुला" यात पेशंटच्या उपयोगाचा एकही शब्द नाही. पहिल्या वाक्यात क्लॅम्प तरी येतो हातात. दुसऱ्या वाक्याने काय आलं? फोन बंद झाला. या नाइटवालीच्या केसमध्ये हाताने पेशंट वाचवला हे खरं, पण तो हात 3 ला पोचू शकत होता, 5 नंतर पोचला. तोंडानेच उशीर केला ना त्याला.

ऑन्टारिओचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण मी चेकलिस्ट भरताना बघितलीय, पेशंट आत यायच्या आधीच सगळ्या चौकोनांत टिका मारून तयार असते. त्यात एक ओळ आहे, चीर घेण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. किती ओटीत खरंच सांगतात? तुमच्या ओटीत फ्लोअरवर धावणाऱ्या मुलाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? ज्याने एकदा स्वतःचं नाव त्या खोलीत उच्चारलंय तो पुढे "सर, रक्त टिपायचा मॉप एक कमी आहे" म्हणायची शक्यता जास्त, माझा तरी अनुभव असा.

आता हळवेपणाचा प्रश्न. 2015 ला पीडिअ‍ॅट्रिक्स या मेडिकल जर्नलमध्ये इस्रायलचा एक प्रयोग छापून आला. नवजात आयसीयूतल्या डॉक्टर आणि नर्सच्या 24 टीम, सगळ्यांना एकच सिम्युलेशन (खोट्या पेशंटवरचा सराव), अपुऱ्या दिवसांचं बाळ अचानक बिघडतंय, आतड्याचा आजार ओळखायचा. परदेशी तज्ज्ञ बघतोय असं सांगितलेलं. निम्म्या टीमना त्याने साधं काहीतरी ऐकवलं आणि निम्म्यांना तुमच्याकडची माणसं माझ्या डिपार्टमेंटला आठवडाभरही टिकणार नाहीत अशा अर्थाचं काहीतरी. ओरडला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. तरी त्या टीमचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. आणि घसरलं कशामुळे? एकमेकांना माहिती सांगणं कमी झालं आणि मदत मागणं कमी झालं. म्हणजे नेमकी तुझी 40 मिनिटं, नाइटवाली. कॅथेटर दुमडलाय का बघत बसणं म्हणजे मदत न मागणंच. त्यामुळे कातडी जाड करून काही होणार नाही गं, डोक्याचा जो भाग पेशंटकडे बघत असतो तोच ते बोलणं परत परत ऐकत बसतो.

आणि एक केस, ही मी प्रत्येक नवीन रेसिडेंटला सांगतो. 2005, इंग्लंड, एलेन ब्रोमिली नावाची बाई, सायनसचं साधं ठरवून केलेलं ऑपरेशन. भूल दिली आणि एअरवे, म्हणजे श्वासाची वाट, मिळेना. ट्यूब जाईना, मास्कनेही ऑक्सिजन जाईना. अशा वेळी गळ्यातून वाट करायची असते. खोलीत दोन भूलतज्ज्ञ आणि एक कान-नाक-घसा सर्जन, सगळे अनुभवी, आणि ते ट्यूबच घालत राहिले. एका नर्सने त्यासाठीचाच, ट्रेकिऑस्टॉमीचा सेट आणून ठेवला आणि सांगितलं तयार आहे म्हणून. दुसरीने आयसीयूत बेड सांगितला, मग डॉक्टरांचे चेहरे बघून बेड रद्द केला. त्यांना कळलं होतं काय करायला हवंय, कसं म्हणायचं ते कळत नव्हतं. बाई 13 दिवसांनी गेल्या. नवरा, मार्टिन ब्रोमिली, पायलट. विमानात कॅप्टनला थांबवायला को-पायलटला शिकवतात तसं इथे का नाही एवढाच त्याने प्रश्न लावून धरला आणि 2007 मध्ये क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप काढला.

यात मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या खोलीत कुणी कुणाला एक वाईट शब्द बोललं नव्हतं. सगळे सभ्य लोक. म्हणजे कात्री, न ओरडणं एवढंच पुरत नाही, खालच्या आवाजात सांगितलेलं ऐकू यावं लागतं.

टेस्टट्यूब:

लॅबवाला आहे, आमच्याकडे कुणी बघतच नाही म्हणून मध्ये घुसतो. पोटॅशियम 6.8 आलं, म्हणजे हृदयाला धोका, सॅम्पल हिमोलाइज झालेलं (रक्तपेशी फुटून आकडा खोटा वाढलेला) नव्हतं, मी स्वतः तपासलं, वॉर्डात फोन केला तर "राउंड चालू आहे, नंतर करा" आणि कट. मी चार वेळा केला. पाचव्यांदा रिपोर्टची प्रिंट काढून दोन मजले चढून गेलो आणि राउंडच्या मध्ये कागद नाकासमोर धरला. त्यांनी बघितलं, ईसीजी काढायला सांगितला, माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. चालेल. पण माझ्याजागी संध्याकाळी जो मुलगा असतो तो दुसऱ्या फोननंतर "कळवलं" असं रजिस्टरमध्ये लिहून मोकळा झाला असता आणि त्याला दोष कोण देणार.

कात्री:

@भूल_देणारा ब्रोमिलीची केस माहीत होती, बेड रद्द केल्याचं माहीत नव्हतं. फ्लोअरवरच्या मुलाचं नाव माहीत नाही हे कबूल. ओरडण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे, ज्यांना कामात लक्षच द्यायचं नाही त्यांच्याशी कसं वागायचं हे कुणी सांगत नाही. पण एक आठवलं ते लिहितो. मागे एका इन्चार्ज सिस्टर नवीन आल्या आणि वॉर्डातल्या चुकांचे फॉर्म एकदम दुप्पट यायला लागले. मी मीटिंगमध्ये म्हणालो बाईंनी वॉर्ड बिघडवला. आता वाटतं आधीच्या चुका जात कुठे होत्या.

जुनी_इन्चार्ज:

ड्रॉवरमध्ये जात होत्या, डॉक्टर 😄 हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1996 मध्ये हेच मांडलंय, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त सापडल्या, कारण तिथे बोलायची भीती नव्हती. आणि लक्ष न देणाऱ्याचं म्हणाल तर त्याला केबिनमध्ये घ्या, दार लावा, आणि सोलून काढा. पेशंटसमोर नको, टीमसमोर नको, आणि काय चुकलं ते सांगा, तो कोण आहे ते नको.

नाइटवाली:

सगळ्यांचे आभार, दोन दिवस ड्युटी होती म्हणून उशीर. इन्चार्ज ताई, कडू गोळी घेतली. एसबार कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलं, काल एक नवीन मुलगी त्यावर बोट ठेवून ठेवून बोलत होती.

सरांशी बोलले. हिंमत करून, राउंडनंतर, एकटे असताना. म्हटलं सर त्या रात्री 4:20 ला पल्स 126 होती आणि मी 40 मिनिटं फोन केला नाही. ते म्हणाले, का नाही केलास? मी म्हटलं, आधीच्या फोनमुळे. त्यांना आधीचा फोन आठवतच नव्हता! मी आठवडाभर झोपले नाही आणि त्यांना आठवत नाही. मग मी त्यांचेच शब्द त्यांना सांगितले, शब्द सांगताना आवाज कापला माझा, ते नको होतं व्हायला पण झालं. थोडा वेळ नुसतेच चार्ट चाळत होते. सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "पल्स 110 च्या वर गेली की विचार करत बसू नकोस, लाव. मी कट केला तर परत लाव." काल रात्री लावला, 2:40 ला, दुसऱ्या पेशंटसाठी. "हं, आकडे सांग" म्हणाले. आवाज वैतागलेलाच होता, पण सगळं ऐकून घेतलं.