११ वर्षे जावा ८ आणि स्ट्रट्स, आता नोकरी बदलायची आहे: ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात तयारी कशी करू?

कासारवडवली_३६

नमस्कार मंडळी. वय ३६. एकाच सर्व्हिस कंपनीत ११ वर्षे ३ महिने झाले, ऑफिस ऐरोलीला. सगळा काळ एका बँकेच्या कर्ज प्रणालीवर: जावा ८, स्ट्रट्स १ (जावाची जुनी वेब-चौकट), जेएसपी, ओरॅकल डेटाबेस, रात्रीचे बॅच जॉब (आपोआप चालणारी मोठी कामे). नवीन काही बांधायला मिळत नाही, फक्त बदल आणि दुरुस्त्या. नोटिस पिरियड ९० दिवस. बेसिक ६०,००० आहे, घराचा हप्ता चालू आहे, आईवडील कंपनीच्याच मेडिक्लेमवर आहेत, त्यामुळे आधी राजीनामा देऊन मग शोधणे शक्य नाही.

डेटा इंजिनिअरिंग किंवा एआयकडे वळावे असे बरेच जण सुचवतात. पायथनचा एक कोर्स अर्धा झालाय. बॅकएंडमध्येच (सर्व्हरवरच्या कामातच) राहावे की पूर्ण वेगळी वाट धरावी? आठवड्याला ८ तासांपेक्षा जास्त वेळ निघत नाही.

राबाळे_बॅकएंड

पायथनचा कोर्स तूर्त बाजूला ठेवा. भाषा, कामाचे स्वरूप आणि क्षेत्र या तीन गोष्टी एकदम बदलल्या की समोरच्याला तुमची ११ वर्षे मोजताच येत नाहीत आणि पगार नवख्याचा लागतो. एका वेळी एकच बदला. तुमच्या बाबतीत बदलायचे ते तंत्रज्ञान, कारण कर्जाचे क्षेत्र ही तुमची खरी कमाई आहे. हप्त्याचे वेळापत्रक, ९० दिवसांचा एनपीए (थकीत कर्ज), नॅचचे (खात्यातून हप्ता आपोआप कापणाऱ्या यंत्रणेचे) रिटर्न, ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य दराला जोडलेली गृहकर्जे, ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर दंडव्याजाच्या जागी आलेले दंडशुल्क आणि त्यावर व्याज न लावण्याचा नियम. एवढे कोड पातळीवर माहीत असलेला माणूस कर्ज देणाऱ्या फिनटेक आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांना) हवा असतो.

८ तासांच्या हिशेबाने साधारण १२ आठवडे धरा आणि एकच छोटी सेवा बांधा: कर्जाचे वेळापत्रक काढणारी आणि हप्त्याची वसुली नोंदवणारी. जावा २१, स्प्रिंग बूट ३ (जावाची आजची चौकट), पोस्टग्रेस डेटाबेस, स्कीमासाठी (टेबलांच्या रचनेसाठी) फ्लायवे, चाचण्यांसाठी टेस्टकंटेनर्स. पैशाला डबल (अंदाजे दशांश ठेवणारा अंक-प्रकार) वापरू नका, बिगडेसिमल (नेमका दशांश) घ्या, आणि राउंडिंगचा उरलेला फरक शेवटच्या हप्त्यात टाका. मुलाखतीत हा फरक कुठे जातो असे विचारले की कोणी खरे काम केले आहे ते लगेच कळते.

मग मुद्दाम अडचणीचे प्रसंग घाला. नॅचची रिस्पॉन्स फाइल दोनदा आली तर हप्ता दोनदा जमा होता कामा नये. त्यासाठी नुसता यूएमआरएन (मँडेटचा, म्हणजे हप्ता कापण्याच्या परवानगीचा, क्रमांक) पुरत नाही, कारण एकाच मँडेटवर दर महिन्याला व्यवहार होतो. व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकावर डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारे बंधन) हवा. कोडमध्ये ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ एवढेच केले तर दोन थ्रेड (समांतर चालणारी कामे) एकाच क्षणी शोधतात आणि दोघेही घालतात. दुसरा प्रसंग: ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून बाहेरच्या एपीआयला कॉल. हिकारी पूलमध्ये (डेटाबेस कनेक्शनच्या साठ्यात) डीफॉल्टला १० कनेक्शन असतात. समोरची सेवा मंदावली की दहाही अडकतात आणि ज्या विनंत्यांचा त्या सेवेशी संबंध नाही त्याही टाइमआउट होतात. हे लोड टाकून घडवून बघा, मग कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा. नुसते वाचून मुलाखतीत दोन प्रश्नांच्या पुढे टिकता येत नाही.

@ट्रान्झॅक्शनलचे (मेथड ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा असे स्प्रिंगला सांगणाऱ्या खुणेचे) दोन सापळेही करून बघा. त्याच क्लासमधून मेथड बोलावली तर प्रॉक्सी (स्प्रिंगचे मधले आवरण) मध्ये येत नाही आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. आणि चेक्ड एक्सेप्शनवर (मेथडने जाहीर करावी किंवा हाताळावी लागणारी चूक) आपोआप रोलबॅक होत नाही.

जुने कोड नव्या आवृत्तीवर नेता येणे हे वेगळे विकाऊ कौशल्य आहे, ते कमी लेखू नका. स्प्रिंग बूट २ वरचा एखादा मुक्तस्रोत प्रकल्प घ्या. आधी बूट २.७ वर ठेवूनच जावा १७ करा, सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्यावर बूट ३. दोन्ही एकदम केले तर चूक जावामुळे की स्प्रिंगमुळे ते कळत नाही. पहिल्या टप्प्यात जॅक्सबी (एक्सएमएलची लायब्ररी) सापडणार नाही, कारण ते जावा ११ मध्ये काढून टाकले. रिफ्लेक्शन (चालू असताना क्लासच्या आत डोकावणे) वापरणाऱ्या जुन्या लायब्रऱ्याही अडतील. दुसऱ्या टप्प्यात पॅकेजांच्या नावांत जावाएक्सचे जकार्ता होते, हायबरनेट ६ (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) येते आणि स्प्रिंग सिक्युरिटीची जुनी ॲडॅप्टर पद्धत जाऊन फिल्टर चेन लिहावी लागते. ओपनरीराइट या साधनाने बरेचसे बदल आपोआप होतात, पण एचक्यूएल (हायबरनेटच्या भाषेतल्या) क्वेऱ्या हाताने तपासाव्याच लागतात. स्ट्रट्स १ मात्र असे चढवता येत नाही. टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) ९ हा त्याचा शेवटचा थांबा, १० वर आहे तसे चालत नाही.

वाशी_एचआर

तांत्रिक बाजू वर आलीच आहे, मी पैशांचे आणि कागदांचे सांगते. नोटिस विकत घेण्याची (बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटण्याची) घाई बरेच जण करतात, म्हणून ग्रॅच्युइटी आधी बघा. हिशेब असा: शेवटचे बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काळ झाला असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. ६०,००० बेसिकवर ११ वर्षांचे ३,८०,७६९ रुपये होतात, १२ वर्षांचे ४,१५,३८५. समजा दोन महिन्यांनी ऑफर आली, म्हणजे ११ वर्षे ५ महिने. पूर्ण ९० दिवस भरलेत तर १२ धरली जातील. ३० दिवसांत सुटलात तर तुम्ही सहा महिन्यांच्या सीमेवर येता, आणि एक दिवस कमी पडला तरी ३४,६१५ रुपये जातात. शेवटची तारीख रुजू होण्याच्या तारखेपासून मोजून घ्या आणि तीच लेखी मागा.

ऑफरची तुलना सीटीसीवर (कंपनीच्या तुमच्यावरील एकूण खर्चावर) करू नका. बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी सीटीसीतच धरलेली असते, आणि तिथे पाच वर्षे थांबला नाहीत तर सहसा ती हाती लागत नाही. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के आहे की १,८०० रुपयांवर थांबवला आहे ते विचारा. तुमच्या बेसिकला महिन्याला ७,२०० विरुद्ध १,८०० असा फरक पडतो. व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा पगाराचा भाग) किती टक्के, आणि गेल्या दोन वर्षांत त्यातले किती दिले गेले? जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यायचा असेल तर कलमातली रक्कम टीडीएस कापण्याआधीची आहे का ते वाचा. हातात कमी आलेले असते आणि परत पूर्ण द्यावे लागते.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) ट्रान्सफर करा. जुन्या कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली नाही की ट्रान्सफर अडकते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्हाला स्वतः पीएफच्या पोर्टलवर टाकता येते. आधार, पॅन आणि यूएएनवरचे नाव सारखे आहे का ते आजच बघा. वडिलांचे नाव मध्ये असणे–नसणे एवढ्यावर आपल्याकडची कित्येक प्रकरणे महिनोन्‌महिने पडून राहतात.

वर्षाच्या मध्ये कंपनी बदलली तर आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या टीडीएसचा तपशील नव्या कंपनीला द्या. नाहीतर ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि कमी दराचे टप्पे दोन्हीकडे धरले जातात, आणि विवरणपत्र भरताना कर अधिक व्याज खिशातून जाते.

आणि आईवडिलांचा विमा. ग्रुप पॉलिसी बहुधा शेवटच्या दिवशीच संपते. त्यांची स्वतंत्र पॉलिसी शोध सुरू करतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असू शकते आणि ती पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जाते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का तेही राजीनाम्यापूर्वी विचारा.

घणसोली_डेटा

डेटा इंजिनिअरिंगबद्दल थोडा वेगळा मुद्दा. ते पूर्णपणे वेगळे क्षेत्र नाही. रात्रीचे बॅच, ओरॅकलच्या मोठ्या क्वेऱ्या, फाइल जुळवणी हे सगळे तुम्ही करता आहातच. त्यावर स्पार्क (मोठ्या डेटावर प्रक्रिया) आणि एअरफ्लो (कामांचे वेळापत्रक) शिकलात तर उडी लहान आहे. पण आताच्या कंपनीतच तसे काम मिळवता आले तर बघा. सहा महिन्यांचे खरे काम बायोडेटावर असले की प्रमाणपत्र लागत नाही. एआयची मात्र घाई करू नका. मॉडेल घडवणे वेगळे आणि तयार मॉडेल आपल्या सेवेत जोडणे वेगळे, आणि दुसरे काम बॅकएंडवालाच करतो.

प्रवासाचाही विचार करा. ऐरोली, राबाळे, घणसोली, कोपरखैरणे हे सगळे ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर आहे, वेळ जातो तो कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठण्यात. बीकेसीची ऑफर आली तर आठवड्याला किती दिवस ऑफिस ते ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलवर घ्या. तोंडी ‘हायब्रिड’ पुढे बदलतो.

कासारवडवली_३६

मनापासून आभार. सहा महिन्यांची सीमा अजिबात लक्षात आली नव्हती. दोन शंका: ‘एकाच ठिकाणी ११ वर्षे का’ याला काय सांगू? आणि नोकरीच्या पोर्टलवर नोटिस ९० दिवस लिहिली तर फोनच येत नाहीत, ३० लिहू का?

राबाळे_बॅकएंड

३० लिहू नका. ऑफरनंतर खरे बाहेर येते आणि ऑफर मागे घेतली जाते. ९० लिहा आणि शेजारी ‘बायआउट शक्य, चर्चेनुसार’ असे घाला. त्याआधी नेमणूक पत्रात बायआउट कंपनीच्या संमतीवर आहे की तुमच्या हक्काचा, आणि वसुली बेसिकवर की एकूण पगारावर, ते वाचून घ्या. ६० दिवस बेसिकवर म्हणजे १,२०,०००, एकूण पगारावर त्याच्या दुप्पटही होऊ शकते. नवी कंपनी भरणार असेल तर ते लेखी घ्या.

११ वर्षांबद्दल सफाई देत बसू नका. त्या काळात प्रणालीत काय बदलले ते सांगा: दंडशुल्काचा नियम आला तेव्हा कोणते टेबल बदलले, जुन्या कर्जांचे काय केले, रात्रीचा बॅच मध्येच पडला तर कुठून पुन्हा सुरू होतो. बायोडेटाही दोन पानांत तसाच लिहा. ‘कर्ज मॉड्यूलवर काम केले’ या ओळीतून काही कळत नाही. ‘एनपीए वर्गीकरणाचा बॅच खात्यांच्या गटांत विभागला, पडल्यास शेवटच्या गटापासून सुरू होतो’ यातून कळते. बँकेचे नाव आणि टेबलांची खरी नावे मात्र कुठेही घालू नका, गिटहबवर तर मुळीच नाही.

वाशी_एचआर

एक राहिलेच. नव्या कंपनीच्या सही केलेल्या ऑफर लेटरवर रुजू होण्याची तारीख आल्याशिवाय राजीनाम्याचा ईमेल पाठवू नका. राजीनाम्यानंतर कंपनीचा लॅपटॉप बंद होण्याआधी गेल्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ आणि नेमणूक पत्र स्वतःच्या ईमेलवर घेऊन ठेवा. पार्श्वभूमी तपासणीत हेच मागतात आणि नंतर ते मिळवायला फार फोन करावे लागतात.