गाडी बदलली, पॉलिसी तीच: याला 'अतिरिक्त शुल्क' म्हणायचं का?

प्रश्न

जुनी गाडी काढून नवी घेतली. विम्याची मुदत बरीच बाकी होती, म्हणून विमा कंपनीला कळवलं की हीच पॉलिसी आता नव्या गाडीला लावा. त्यावर मराठीत पत्र आलं. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते:

"मध्यावधी वाहन हस्तांतरणापोटी अतिरिक्त शुल्क ३,५०० देय आहे."

तीनदा वाचलं तरी पैसे कशाचे ते कळेना. दंड? फी? की हप्ताच वाढलाय? फोन केल्यावर समजलं की त्यात ३,००० एका गोष्टीचे आहेत आणि ५०० दुसऱ्याच. मग दोन्हींना 'शुल्क' कसं? नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद

आधी हिशेब मांडू, शब्द मागाहून आपोआप सापडेल.

समजा जुन्या गाडीचा वर्षाचा हप्ता १०,००० होता आणि नव्या गाडीचा १५,००० आहे. वर्षाला ५,००० जास्त. पण वर्ष सगळं उरलेलं नाही. पॉलिसीवर नव्या गाडीची नोंद झाली त्या दिवशी ३६५पैकी २१९ दिवस बाकी होते असं धरा. ५,००० गुणिले २१९ भागिले ३६५, म्हणजे बरोबर ३,०००. आकडे मी सोयीचे घेतलेत, रीत हीच. नवी गाडी महाग, तिचे सुटे भाग महाग, इंजिन कदाचित मोठं, म्हणून कंपनीच्या डोक्यावरची जोखीम वाढली. ती पुढच्या २१९ दिवसांपुरती वाढली. आधीच्या १४६ दिवसांचं कुणी काही मागत नाही.

उरलेले ५०० ही कागद बदलण्याची मजुरी. गाडी लहान असो, मोठी असो, दिवस दहा उरलेले असोत की तीनशे, ती तेवढीच.

दोन्ही वेगळे ओळखायचे तर व्यवहार उलटा करून बघा. तुम्ही महागाची गाडी देऊन स्वस्तातली घेतली असती तर? पॉलिसीच्या अटींत बसत असेल तर हप्त्याचे पैसे तुमच्याकडे परत आले असते. ते ५०० मात्र तरीही गेलेच असते. व्यवहार उलटल्यावर जी रक्कम दिशा बदलते तो 'फरक'. जी बदलत नाही ते 'शुल्क', किंवा जरा घरगुती शब्द हवा तर 'आकार'. पत्रलेखकाने दोन्ही एका पोत्यात घातलेत.

प्रतिसाद

मला 'शुल्का'पेक्षा 'हस्तांतरण' जास्त खटकलं. हस्त + अंतर: या हातातून त्या हातात. तुमची जुनी गाडी ज्याने घेतली त्याच्या नावावर ती झाली, ते हस्तांतरण. पॉलिसी तर तुमच्याच हातात आहे, फक्त तिच्याखालची गाडी बदलली. दोन्ही प्रसंगी कागदपत्रं निराळी, हिशेब निराळा. हा शब्द वाचून एखादा माणूस चुकीचा अर्ज भरून यायचा.

'बदली वाहन' म्हणावं असं कुणी सुचवायच्या आत सांगतो, तेही नको. बदली कामगार, बदली खेळाडू यांत 'मूळचा येईपर्यंत' हा भाव आहे. गाडी दुरुस्तीला टाकल्यावर चार दिवस दुसरी वापरायला मिळते ती बदली गाडी. इथे मूळची परत येणारच नाही. 'गाडीतील बदल' म्हणावं तर कुणी विचारेल, काय बदललंत, टायर? 'जुन्या गाडीऐवजी नवी गाडी' असं लांबलचक लिहिणंच बरं.

प्रतिसाद

'अधिभार' चालेल का? भारदस्त वाटतो.

प्रतिसाद

नाही चालणार. अधिभार हा मूळ आकारणीच्या वर चढवलेला भार असतो. एखाद्याने वरचेवर दावे केले म्हणून कंपनीने त्याच्या हप्त्यावर काही टक्के चढवले तर तो अधिभार म्हणता येईल. इथे नव्या गाडीचा जो हप्ता कुणीही भरला असता तोच, दिवस मोजून, तुम्ही भरताय. वर काहीही चढवलेलं नाही.

प्रतिसाद

'अतिरिक्त'बद्दल थोडं. शब्दाच्या पोटात 'रिक्त' आहे, आणि तो 'रिच्' म्हणजे रिकामं करणे, सोडणे या धातूवरून आलेला. गरज भागून उरलेलं ते अतिरिक्त. म्हणून 'अतिरिक्त कर्मचारी' म्हटलं की जास्तीचे मदतीला आलेले, की नको झालेले, हे संदर्भावाचून कळत नाही. 'अतिरिक्त शुल्क' वाचून तुम्हाला दंडाचा वास आला तो उगाच नाही. 'जादा'चं तेच: ठरल्यापेक्षा जास्त. 'वाढीव' मात्र कशावरून वाढलं याची आठवण सोबत ठेवतो. वाढीव दर म्हटलं की जुना दर मनात येतोच. शुल्काला 'वाढीव' लावू नका, ते वाढलेलंच नाही. हप्त्याला लावा.

आणि 'हप्ता' म्हणताच कुणीतरी हसणार आहे. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात, आपल्या 'सप्त'चाच भाऊ. हप्ता आणि सप्ताह हे एकच. सात दिवसांचा शब्द वर्षाकाठी एकदा भरायच्या पैशांना चिकटला, शिवाय गुंडांनीही तो पळवला. तरी प्रीमियमसाठी कागदोपत्री असलेल्या 'अधिमूल्या'पेक्षा मला तो बरा वाटतो, कारण लोक तोच बोलतात.

प्रतिसाद

पॉलिसीवर बदलाची जी नोंद करतात तिला विमा कचेऱ्यांत सर्रास एंडोर्समेंट म्हणतात. मराठी कागदांवर 'पृष्ठांकन'. लोकांना वाटतं पृष्ठ म्हणजे पान, पानावर अंकन. पण पृष्ठ म्हणजे मुळात पाठ: पृष्ठवंश आठवा. आपली 'पाठ'ही त्यातूनच निघाली. लॅटिनमध्येही 'डोर्सम' म्हणजे पाठच. कागदाच्या पाठीवर लिहायचं म्हणून एंडोर्समेंट, म्हणून पृष्ठांकन. भाषांतर चोख आहे, फक्त आता पाठीवर कुणी लिहीत नाही, वेगळा कागद जोडतात.

मला 'शेरा' आवडला असता. 'पॉलिसीवर बदलाचा शेरा.' पण ताशेऱ्यांनी त्या शब्दाचं नाव खराब केलंय.

प्रतिसाद

एक जुनी सावधगिरी. पॉलिसी तशीच चालू न ठेवता रद्द करून नवी घेतली तर 'दिवसांच्या हिशेबाने' हे शब्द लागू होतीलच असं २०२४पर्यंत नव्हतं. रद्द करताना बऱ्याच ठिकाणी 'अल्पमुदतीचे दर' लावत, म्हणजे वापरलेल्या दिवसांचं मोल प्रमाणापेक्षा जास्त धरत आणि परतावा कमी येई. कचेरीतली माणसं 'प्रोराटा' (दिवसांच्या हिशेबाने) म्हणताहेत की 'शॉर्ट पिरियड' (अल्पमुदतीचे दर), हे तेव्हा कान देऊन ऐकावं लागे. प्रोराटाला 'यथाप्रमाण' कुणी म्हणताना मी ऐकलेलं नाही.

आणि 'मध्यावधी'ला माझी हरकत नाही, पण तो निवडणुकीचा शब्द झालाय. 'चालू मुदतीत' म्हटलं की पुरे.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचं ऐकून वाक्य असं केलंय: "चालू मुदतीत जुन्या गाडीऐवजी नवी गाडी पॉलिसीवर घेतल्यामुळे उरलेल्या दिवसांच्या हप्त्यातील फरक ३,००० आणि पॉलिसीच्या दुरुस्तीचा आकार ५००, असे एकूण ३,५०० भरावेत."

प्रतिसाद

गाडीच्या पत्रात 'दुरुस्ती' आली की गॅरेज डोळ्यांपुढे येतं. 'नोंद बदलण्याचा आकार' करा.

प्रश्नकर्ती

केलं. आज पैसे भरायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंना वाक्य वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हां, म्हणजे डिफरन्स आणि एंडोर्समेंट चार्ज. हे कळतंय की!" मग हेच पत्रात का लिहीत नाही, असं विचारलं. "पत्राचा मसुदा वरून येतो," म्हणाल्या, आणि पावती दिली. पावतीवर एकच ओळ आहे: अतिरिक्त शुल्क ३,५००.