२४ कॉलम, ११ साइजची फुटिंग – ग्रुप कसे पाडायचे?

प्रश्न
नमस्कार मंडळी, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ पार्किंग अधिक चार मजल्यांचं काम आहे, २४ कॉलम, आणि स्टाड सॉफ्टवेअरमधून लोड घेऊन एकेक फुटिंग (कॉलमखालचा पाया) डिझाईन केलं तर ११ साइज येताहेत. सर्व्हिस लोड (फॅक्टर न लावलेला प्रत्यक्ष भार) ४५० ते ९५० किलोन्यूटन, माती तपासणीच्या रिपोर्टमध्ये एसबीसी (जमिनीची सुरक्षित भार-क्षमता) २०० किलोन्यूटन प्रति चौ. मी., दीड मीटरवर कडक मुरूम. ठेकेदार म्हणतो साहेब एकच साइज द्या, फिटरचा घोळ होतो. सगळ्यांना सगळ्यात मोठं दिलं तर सेफच ना?

उत्तर १
सेफ वाटतं पण तसं नाहीये. हिशोब करून बघा, १० टक्के सेल्फ वेट धरून ९५० ला २.३ मीटर चौरस लागतं आणि ४५० ला १.६ पुरतं, म्हणजे लहान कॉलमखाली निम्म्याहून जास्त एरिया फुकट जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ४५० वाल्याला २.३ चं फुटिंग दिलं की खाली प्रेशर जेमतेम ९४ येतं आणि शेजारच्या ९५० वाल्याखाली १९८, मग एक जास्त बसणार एक कमी, आणि बिल्डिंगला त्रास होतो तो या फरकाचा. कडक मुरमावर निभावून जाईल कदाचित, पण ती सवय लावून घेऊ नका.
मी लोडप्रमाणे चार ग्रुप करेन: ५५० किलोन्यूटनपर्यंत १.७५ मीटर चौरस, ६८० पर्यंत १.९५, ८१० पर्यंत २.१५ आणि वरचे २.३. प्रत्येक ग्रुपमध्ये सगळ्यात जड कॉलमवर डिझाईन, पंचिंग (कॉलम फुटिंगला भोक पाडून खाली घुसू नये याची तपासणी) मात्र ग्रुपमधल्या सगळ्यात लहान कॉलम साइजला तपासा, तिथेच लोक चुकतात. नाशिक २०१६ च्या आयएस १८९३ प्रमाणे भूकंपाच्या झोन ३ मध्ये येतं, भूकंपाचे मोमेंट (कॉलम वाकवणारा जोर) धरून फुटिंगच्या कडेचं प्रेशरही बघा.

उत्तर २
साइटवरचं सांगतो. शक्य तिथे फुटिंग चौरस आणि दोन्ही बाजूंना सळ्यांची जाळी सेम ठेवा. आयताकृती दिलं की जाळी आडवी-उभी फिरते आणि पीसीसीवर (खालच्या साध्या कॉंक्रीटच्या थरावर) बसवल्यावर कुणाच्या लक्षातही येत नाही, कॉंक्रीट पडलं की संपलं. आणि जाडी चार ग्रुपला चार नको, दोनच ठेवा, शटरिंगच्या त्याच फळ्या फिरवता येतात. फक्कीने (चुन्याच्या पांढऱ्या भुकटीने) लाइनआऊट मारताना प्रत्येक खड्ड्याजवळ खुंटीवर ग्रुपचं नाव एफ१, एफ२ लिहून ठेवा, आणि जाळीखाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक बसलेत का ते स्वतः वाकून बघा.

उत्तर ३
ग्रुप फक्त लोडवर पाडू नका, खालचा थर पण एकच पाहिजे. आपल्याकडे एकाच प्लॉटमध्ये एका कोपऱ्यात मुरूम दीड मीटरवर आणि दुसऱ्या कोपऱ्यात काळी माती अडीच-तीन मीटरपर्यंत असं सर्रास निघतं. काळी माती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, तिच्यात फुटिंग ठेवायचंच नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि जादा खोदलेलं लीन (कमी सिमेंटच्या) कॉंक्रीटने भरा, सैल मुरूम टाकून लेव्हल करू देऊ नका. जेसीबी हलायच्या आधी प्रत्येक खड्ड्याचा तळ पहारीने ठोकून बघा.

प्रश्नकर्ता
खूप आभार, चार ग्रुपच धरतो. कंपाउंडला लागून चार कॉलम आहेत, बाहेर जागाच नाही, ते पण यातच बसवू का?

उत्तर १
नाही, ते वेगळेच धरा. तिथे लोड फुटिंगच्या मध्यावर येत नाही, स्ट्रॅप बीमने (दोन फुटिंग जोडणाऱ्या बीमने) आतल्या कॉलमला बांधा, आणि त्या आतल्या कॉलमचं फुटिंगही मग ग्रुपमधून काढून स्वतंत्र तपासा.