लग्नाची सजावट घरीच, कमी खर्चात: तुमचे अनुभव सांगा

मामेबहिणीचं लग्न ठरलंय आणि सजावट घरीच करायची, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलंय. एकमत कसलं, ज्यांना काही करायचं नाही त्यांचाच आवाज मोठा होता. व्हिडिओ भरपूर बघून झाले. त्यात कात्री आणि कागद दिसतो, दुसऱ्या दिवशी धरलेली पाठ दिसत नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय. ज्यांनी घरच्या लग्नात हाताने सजावट केली आहे त्यांनी लिहा: काय केलंत, काय खरंच स्वस्त पडलं, काय नुसतंच स्वस्त वाटलं? माझा अंदाज असा, की मोठ्या दोन-तीन गोष्टी नीट जमल्या तर पुरे, बारीकसारीक पन्नास गोष्टी कोणी बघत नाही. खोडून काढलंत तरी चालेल.

नवरीची थोरली बहीण

आम्ही स्टेजमागे लावायला क्रेप कागदाची मोठी फुलं केली. क्रेपचं एक गुपित आधी समजून घे. त्याच्या सुरकुत्या एकाच दिशेने असतात आणि कागद ताणला जातो तो त्यांना आडवा. त्यामुळे पाकळी कापताना सुरकुत्या देठाकडून टोकाकडे, उभ्या यायला हव्यात. मग दोन्ही अंगठ्यांनी मधोमध हलकेच आडवं ताणलं की पाकळीला खोलगटपणा येतो आणि तो तसाच राहतो. उलट्या दिशेने कापलेली पाकळी कितीही ओढा, सपाटच.

साधा पातळ क्रेप छोट्या फुलांना ठीक आहे. फूटभराच्या फुलात त्याच्या पाकळ्या मान टाकतात. तिथे खास फुलांसाठी मिळणारा जाड क्रेपच हवा, १८० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा. महाग असतो, पण तो मोठ्या पाकळ्यांनाच वापरायचा. मधला गुच्छ आणि पानं पातळ कागदाची केली तरी कळत नाही.

एकाने अख्खं फूल करायचं नाही, हा आमचा नियम होता. आजी पुठ्ठ्याचा साचा ठेवून कापायची, चुलतभाऊ ताणायचा, मी चिकटवायचे. चुलतभावाला आधी लाज वाटत होती, नंतर तोच माझ्या पाकळ्यांना नावं ठेवायला लागला. पण सगळी फुलं एका हातची वाटली ती या वाटणीमुळेच.

क्रेपचा रंग पाण्याने सुटतो. ओल्या हाताने धरलं तर हातावर उतरतो, पांढऱ्या कपड्याला लागला तर विषय संपला. उन्हात तो विटतोही. उघड्यावर लग्न असेल तर क्रेप नकोच. प्रत्येक फुलामागे पुठ्ठ्याची चकती आणि दोऱ्याचा फास आधीच करून ठेव, म्हणजे हॉलवर फक्त अडकवायचं काम उरतं.

थर्माकोलवाली

ताईंच्या फुलांना जोड देते. थर्माकोलवर काही चिकटवायचं असेल तर कमी तापमानाची ग्लू गन (वितळलेला गोंद सोडणारी) घ्या, साधारण १२० अंशांची. जास्त तापमानाची १९० च्या आसपास जाते आणि थर्माकोलला खड्डा पाडते. सॉल्व्हंट असलेला स्प्रे रंगही त्याला खातो, पाण्याचा अ‍ॅक्रिलिक मारा. आणि ग्लूने चिकटवलेलं सामान उन्हात बंद गाडीत ठेवू नका, ग्लू मऊ पडून सगळं सुटतं.

नवऱ्या मुलाचे वडील

मी कापडाचं लिहितो, कारण माझ्याकडे तेच खातं होतं.

मागचा पडदा बारा फूट रुंद हवा असेल तर कापड बारा फूट घेऊन भागत नाही. चुण्या छान दिसायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, म्हणजे चोवीस फूट. कापडाचा पन्हा ४४ इंच धरला तर सात पट्टे होतात. आठ फूट उंची धरली तर छप्पन्न फूट, म्हणजे साधारण सतरा मीटर. हा हिशोब न करता दुकानात जाणारे दोनदा जातात आणि दुसऱ्यांदा त्याच रंगाचा तागा संपलेला असतो.

आम्ही मात्र कापड विकत घेतलंच नाही. घरातल्या फिक्या रंगाच्या जुन्या साड्या काढल्या. साडी साडेपाच मीटरची. मधोमध पाइपवर टाकली की दोन्ही बाजूंनी नऊ फूट खाली येते. कापायचं नाही, शिवायचं नाही. दोन थर झाल्यामुळे मागची भिंत दिसत नाही. सात साड्यांत पडदा झाला आणि दुसऱ्या दिवशी साड्या कपाटात परत. सौंनी इस्त्री आधी करायला लावली तेव्हा मी कुरकुर केली होती, पण फोटोत घड्यांच्या रेषा दिसत नाहीत त्या त्यामुळेच.

बारा फुटी पीव्हीसी पाइप मधे झोळ धरतो. मधोमध तिसरा खांब द्या किंवा लोखंडी पाइप घ्या. खांब वाळू भरलेल्या बादल्यांत घट्ट रोवा आणि बादल्या कापडाने झाका. बऱ्याच हॉलमध्ये भिंतीला खिळा किंवा टेप लावू देत नाहीत, तेव्हा स्वतःच्या पायावर उभा राहणारा सांगाडाच बरा.

मावसभावाची बायको

काका, साड्यांची युक्ती उचलली! बादल्यांचा पाया नऊ फुटी पडद्याच्या खांबांना पुरतो का? लहान मुलं पडद्यामागे लपतातच.

नवऱ्या मुलाचे वडील

पुरला, पण मागून दोन तिरपे टेकू दिले होते. मुलांचा विचार करूनच. पंख्याच्या वाऱ्याचाही करा.

स्वतःच्या लग्नात हात पोळलेली

मी विरुद्ध बाजूने बोलते. हाताने केलेलं आपोआप स्वस्त नसतं. गन, कटर, चांगली कात्री, वाया जाणारा कागद हे कोणी मोजत नाही. कुसुदामाचे, म्हणजे घड्या घातलेल्या कागदी फुलांचे जपानी गोळे टांगायचे होते मला. त्यात पाच पाकळ्यांचं एक फूल, अशी बारा फुलं, म्हणजे एका गोळ्याला साठ चौकोनी कागद. एका पाकळीला दोन मिनिटं धरा: नुसत्या घड्यांचेच दोन तास, चिकटवणं वेगळं. असे वीस गोळे कोण करणार? मी दोन केले, ते वरमाला ठेवायच्या टेबलावर ठेवले आणि बाकी छताला टिश्यू पेपरचे पॉमपॉम लावले. आठ-दहा कागद एकत्र, पंख्यासारख्या घड्या, मधे तार, टोकं गोल कापून एकेक थर सोडवायचा. खालून वर बघणाऱ्याला फरक कळत नाही, कारण वर कोणी नीट बघतच नाही.

म्हणून आधी एक नमुना पूर्ण करा, घड्याळ लावून. मग ठरवा. खुर्च्यांची कव्हरं, मोठे दिवे हे भाड्यानेच आणलेलं बरं.

काचेच्या बरण्यावाली

बरण्या वर्षभर साठवल्या. लेबल निघायला धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, उरलेला चिकटा तेल चोळून जातो. मेणबत्तीऐवजी बॅटरीचे दिवे घातले. इतका कागद आणि कापड असताना उघडी ज्योत नकोच.

नवरीची मावशी

खरी फुलं माझ्याकडे होती. देठ तिरका कापायचा, पाण्याखाली जाणारी पानं काढून टाकायची, बादली थंड आणि अंधाऱ्या खोलीत ठेवायची. फळांच्या टोपलीजवळ ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने फुलं लवकर कोमेजतात.

फुलांचे देठ खोचायचा हिरवा फोम मी वापरत नाही. तो कुजत नाही, नुसता चुरा होऊन पाण्यात जातो. बारीक तारेची जाळी चुरगळून भांड्यात बसवली की देठ तितकेच घट्ट राहतात आणि जाळी पुढच्या कार्यालाही चालते. वापरायचाच असेल तर फोम पाण्यावर सोडून द्या, तो आपणहून बुडेल. हाताने दाबला तर आत कोरडा राहतो आणि तेवढ्या भागातली फुलं तासाभरात माना टाकतात.

फोटो काढणारा चुलतभाऊ

ही चर्चा सुरू करणाऱ्या ताईंचा अंदाज बरोबर, पण अर्धाच. मोठ्या गोष्टी स्टेजमागे हव्यात हे खरं. पण जेवणाच्या टेबलावर माणसं निवांत बसलेली असतात, तिथली बारीक वस्तू हातात घेऊन बघतात. फुकट जातं ते मधल्या भिंतींवरचं काम.

दिव्यांच्या माळा सगळ्या एकाच रंगछटेच्या घ्या. पिवळसर आणि निळसर पांढरा एकत्र आला की पांढरा पडदा फोटोत डागाळल्यासारखा दिसतो, ते नंतर नीट करता येत नाही. काही स्वस्त एलईडी माळा डोळ्यांना स्थिर दिसतात पण व्हिडिओत लुकलुकतात. विकत घेतल्या दिवशीच फोनवर व्हिडिओ काढून बघा.

चर्चा सुरू करणारी

सगळ्यांना धन्यवाद, साड्या मोजायला घेतल्यात. एकच राहिलं: हे सगळं उतरवतं कोण?

नवऱ्या मुलाचे वडील

लावणाऱ्यांपैकी कोणीही नाही, ते दमलेले असतात. दुसरे चार जण आधीच ठरवून ठेवा. कात्री, पक्कड, रिकामी खोकी, दोरा आणि मोठ्या पिशव्या एका पिशवीत भरा. आणि ती पिशवी नवरा-नवरीच्या गाडीत ठेवू नका, ती गाडी सगळ्यात आधी निघते.