केमोच्या गोळ्यांनी आईचे तळहात सोलले आहेत. गोळ्या चालू ठेवाव्यात का?

प्रश्न (केज, जि. बीड)
मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यापासून आईला कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू आहेत. १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस खंड. दुसऱ्या फेरीत तिचे तळहात व तळपाय लालबुंद होऊन त्यांची आग होऊ लागली. ती हे अंगावर काढत होती; काल भाकरी थापताना अंगठ्याच्या मुळाशी कातडी फाटली आणि परातीतल्या पिठाला रक्त लागले, तेव्हा आम्हाला समजले. शेजारच्या काकू म्हणतात, औषधाची उष्णता बाहेर पडते आहे, मेंदी लावा. तपासणीला अजून आठ दिवस आहेत. तोवर गोळ्या द्याव्यात का?

उत्तर (परिचारिका, लातूर)
आठ दिवस थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. नुसता लालसरपणा असेल तर बहुधा औषध चालू राहते. पण वेदना होऊन रोजची कामे अडू लागली किंवा कातडी सोलून फोड आले, तर गोळ्या थांबवून त्वचा सुधारल्यावर, गरजेप्रमाणे कमी मात्रेने, पुन्हा सुरू करतात. चुकलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात. उष्णता, दाब आणि घर्षण यांनी त्रास वाढतो, म्हणून भाकरी थापणे, गरम पाण्यात भांडी घासणे, अनवाणी चालणे सध्या बंद ठेवावे. युरियायुक्त मलम उपयोगी पडते, मात्र ते फाटलेल्या जागी झोंबते. डायक्लोफिनॅक जेलने हा त्रास कमी रुग्णांना होतो, असे दिल्लीच्या एम्समधील २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. पण तो प्रतिबंधाचा उपाय होता, जखमेवर ते जेल लावायचे नाही. मेंदीही लावू नका. काळ्या मेंदीतल्या रसायनाची तर निरोगी कातडीलाही ॲलर्जी होते.

ताप, डोळे लाल होणे, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड, अंगभर दुखरे चट्टे आणि हात लावताच सुटणारी कातडी, हा प्रकार वेगळा व जिवावरचा आहे. तसे काही दिसल्यास पुढची गोळी न देता तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

उत्तर (धाराशिव)
वडिलांना हेच औषध होते. कातडी भरून आली, पण बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आणि रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा काही केल्या उमटेना; दुकानदाराला वाटले, हात पुसलेला नाही. या औषधाने ठसे गेलेल्या सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर अडवून ठेवल्याची नोंद २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे, तेव्हा आपले दुकान काय घेऊन बसलात! कार्डावरील दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, हे आम्हाला दोन हेलपाटे झाल्यावर कळले.

प्रश्नकर्ता
फोन केला. गोळ्या थांबवून उद्याच संभाजीनगरला बोलावले आहे, उरलेल्या गोळ्या मोजून सोबत आणायच्या आहेत. भाकरी आता वहिनी थापतात. आई शेजारी बसून त्या जाड झाल्या म्हणते.