नोकरी, रविवारची खाडीसफाई आणि महिन्याला एक व्हिडिओ निबंध: आठवडा कसा लावावा?

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार मंडळी. ठाणे खाडीवर मराठीत व्हिडिओ निबंध करायचे आहेत, साधारण १५ मिनिटांचे, महिन्याला एक. नोकरी सोमवार ते शुक्रवार, घरी पोचायला साडेसात. रविवारी सकाळी कांदळवन सफाई असते, ती सोडायची नाही. वाचनाला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. फोनवर चित्रण, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, एडिटिंगला रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती. एडिटिंग सगळा वेळ गिळतं आणि वाचन कायम मागे पडतं. सफाईसोबतच शूट उरकता येईल का? जुन्या सिनेमांचे तुकडे वापरले की यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम येतो, त्याचं काय करायचं?

तिथी_गुणिले_पाऊण
आधी रविवार लावा, कारण तो चंद्राच्या हातात आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत जवळजवळ सहा तास. म्हणजे या रविवारी सकाळी आठला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळी पाणी चढलेलं. दर रविवारी सकाळची सफाई अशी गोष्ट खाडीवर नसते, एकाआड एक रविवार धरा.

कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर सव्वादोन, म्हणजे ओहोटी साडेआठच्या सुमारास. शुक्ल किंवा कृष्ण, कुठल्याही पक्षातली द्वितीया ते चतुर्थी सकाळच्या कामाला उत्तम. अष्टमीला सकाळी सहाला भरती, तेव्हा घरी बसा. हे अंदाजाचं गणित आहे. खाडीत आत पाणी थोडं उशिरा येतं, त्यामुळे निघण्याआधी भरतीचं छापील वेळापत्रक बघाच.

ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. गमबूट मापाचे घ्या, सैल बूट चिखल ओढून ठेवतो. हातमोजे रबरी थराचे, कारण काचा आणि सुया निघतात. तिवराच्या श्वासमुळांना गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी ओढायची नाही, कात्रीने कापायची. ओढलीत तर मूळ तुटतं. गोणी अर्धीच भरा. ओला कचरा आणि गाळ मिळून ती दोघांनाही उचलत नाही.

शूट सोबत नको. चिखलाचे हात आणि फोन हे एकत्र नांदत नाहीत, शिवाय सफाईला आलेल्या लोकांना, विशेषतः मुलांना, विचारल्याशिवाय चित्रात घेणं बरं नाही. खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे (२०१५ पासून, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). हद्दीत चित्रण करायचं तर वन विभागाची परवानगी आधी घ्या. फ्लेमिंगो ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर चरतात, पण ऐरोलीहून सुटणारी बोट भरतीच्या पाण्यावर चालते. मग सफाई एका रविवारी, बोटीवरचं चित्रण दुसऱ्या. सफाई नसलेला रविवार आपोआप भरला की नाही?

कट_टू_कट
एडिटिंग आठवडा गिळतं कारण स्क्रिप्ट पक्की नसताना टाइमलाइन उघडली जाते. १५ मिनिटं म्हणजे शांत मराठी बोलण्याचे १७०० ते १८०० शब्द. दोन रकान्यांचा तक्ता करा: डावीकडे वाक्य, उजवीकडे चित्र. उजवा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य कापा किंवा चित्र शोधून आणा. हे झाल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही.

मग आधी आवाज, नंतर चित्र. पंखा, फ्रिज बंद, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याकडे तोंड करून बोला. माइक १५ ते २० सेंटिमीटरवर, तोंडासमोर नेमका नको, थोडा बाजूला, नाहीतर 'प', 'फ', 'भ' फुटतात. ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठे आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये. ८० हर्ट्झखालचं छाटलं की रस्त्याची घरघर बरीच जाते. शेवटी एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) आसपास. त्याहून मोठा ठेवलात तरी यूट्यूब खाली ओढतं.

फोनची एक खोड: फ्रेमरेट स्थिर नसतो. लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात आणि लोक माइकला दोष देतात. आयात करण्याआधी हँडब्रेक सॉफ्टवेअरमध्ये स्थिर २५ फ्रेमवर बदलून घ्या. घरात ट्यूबखाली शूट करताना शटर १/५० ठेवा, वीज ५० हर्ट्झची असल्याने ३० फ्रेम आणि १/६० ला पट्टे फिरतात. ८ जीबीवर ४के ओढू नका, अर्ध्या आकाराचे प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवा आणि त्यांना रात्रभर चालू द्या.

शनिवार दिवसभर कट, बाकी आठवड्यात एडिटिंग एकाच संध्याकाळी. चार शनिवारांत होत नसेल तर विषय मोठा आहे, तुम्ही हळू नाही.

गॅझेटियरवाला
वाचन मागे पडतं कारण ते स्क्रिप्टनंतर ठेवलं जातं. महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांतल्या चारही संध्याकाळी फक्त वाचन. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) आहेच. नवी मुंबईवर वाचताना एक मेख: जुना मुंबई इलाख्याचा गॅझेटियर (सरकारी जिल्हा माहितीग्रंथ) उघडलात तर पनवेल कुलाबा जिल्ह्याच्या (आजचा रायगड) खंडात शोधू नका. १८८२ च्या ठाणे खंडात आहे, तेव्हा तो तालुका ठाण्यात होता. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, त्याआधीची गावं तिथेच सापडतात. प्रत्येक टिपेसोबत आवृत्ती आणि पान तिथल्या तिथे लिहा. स्क्रिप्टच्या दिवशी पान शोधायला बसलात तर ती संध्याकाळ गेली.

क्लेमबद्दल. क्लेम आणि स्ट्राइक (चॅनेलला मिळणारी कॉपीराइटची ताकीद) वेगळे. क्लेममध्ये जाहिरातीचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा व्हिडिओ कुठे कुठे अडतो, चॅनेलला डाग लागत नाही. हरकत घेतलीत तर दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस. ९० दिवसांत तीन स्ट्राइक मात्र चॅनेल घालवतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका-समीक्षेसाठी रास्त वापर मानतं: तुकडा दिसत असताना तुम्ही त्या तुकड्याबद्दलच बोलत असाल तर बाजू भक्कम, नुसता सजावटीला लावला तर लंगडी. सिनेमाचा हक्क प्रकाशनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षांनी संपतो, पण त्यातल्या गाण्याचा नाही. शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तुकड्याचा आवाज बंद करा आणि वर स्वतः बोला.

नवखा_वाशी
मध्येच विचारतो. प्रीमियरमध्ये मराठी नावं टाकली की वेलांटी भलत्या अक्षरावर बसते.

कट_टू_कट
प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा, मग नवी मजकूरपट्टी घ्या. फाँट मुक्ता किंवा बालू. उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतात.

आणि ऐरोलीताई, व्हिडिओ प्रकाशनाच्या दोन दिवस आधी खासगी ठेवून चढवा. क्लेमची तपासणी तेव्हाच होते, आणि एखादा तुकडा बदलायला एक संध्याकाळ हाताशी राहते.